कडी कोणी काढायची

पिठी दारापाशी बसून ओरडायला लागली की चतुराबाईचं डोकं भणाणून जायचं. साधं म्याव नव्हतंच ते. लांब सूर लावायची, मध्येच दम घ्यायची, मागं वळून घरातल्या एकेका माणसाकडं बघायची, आणि पुन्हा दाराच्या कडीकडं तोंड करून सुरू. कडी नेमकी कुठं आहे हे त्या मुक्या जनावराला कळत होतं. ती कोणी काढायची हे मात्र घरातल्या तीन शहाण्या माणसांना कळत नव्हतं.

पिठीला घरात आणलं हरीओमनं. हरीओम हा चतुराबाईचा धाकटा, सव्वीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा. गेल्या साली सोयाबीन काढल्यावर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात हे पिलू त्याला सापडलं. "जथून आणलं तथी नेऊन ठेव," असं चतुराबाई पहिल्या दिवशी म्हणाली आणि चौथ्या दिवशी स्वतःच कापसाची वात दुधात बुडवून त्याला चोखायला देत बसली. पिठासारखी पांढरी म्हणून पिठी. तेव्हापासून तिनं घराबाहेर पाय ठेवला नव्हता. दारासमोर रस्ता मोठा झालेला, त्यावरून मुरमाचे टिप्पर अंगात आल्यासारखे धावायचे, म्हणून ठेवू दिला नव्हता.

तिला बाहेर सोडावं की नाही यावर त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं हरीओमच्या लग्नावर झालं नसेल. हरीओम मोबाईलमध्ये बघून सांगायचा, घरातली मांजर जास्त जगते. शालिग्राम, म्हणजे चतुराबाईचा नवरा, उखडायचा. "अबे मांजर हे जनावर हाय, टीव्ही नाही घरात ठेवाले! तिले रान पायजे, उंदीर पायजे." चतुराबाईचं मत कोणी विचारलं नाही. तिचं मत होतं की सोडा नाहीतर ठेवा, पण माझ्या कानाचा काहीतरी बंदोबस्त करा.

हे असंच चाललं असतं, पण सोमवारी शेजारच्या भिवाजीची मांजर टिप्परखाली आली.

मांजर मारली की काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. टिप्परवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण गडी बेरकी. खाली उतरला, गर्दी जमलेली बघितली आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, मी रस्त्यानं चाललो होतो. टिप्पर रस्त्यानंच चालते. मांजर घरातून आली. घराचं दार कोणं उघडलं, त्याले इचारा ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण आमचं गाव पडलं विचारी. सगळ्यांनी उभ्या उभ्या विचार केला आणि गावाला ते पटलं! दार भिवाजीनं उघडलं होतं, पाप भिवाजीचं. टिप्परवाला चहा पिऊन गेला आणि भिवाजीला त्याच संध्याकाळी उचकी लागली, ती थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची विहिरीवरची मोटार जळाली.

शालिग्रामनं हे ऐकलं आणि जेवण अर्धं टाकून उठला. रानडुकराच्या मागं काठी घेऊन एकटा धावणारा हा माणूस, पण पापाला भ्यायचा. तो तडक मारोतराव महाराजांकडं गेला. मारोतराव देवळात पोथी वाचायचे, म्हणून ग्रहणापासून बोअर कुठं मारावी इथपर्यंत सगळं गाव त्यांनाच विचारायचं. उंटावरचे शहाणे म्हणतात त्यातले, पण त्यांचा उंट गावात सगळ्यांना आवडायचा. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि सांगितलं, "ज्याच्या हातानं कडी निघाली, त्याच्या माथी पाप."

"अन् मांजर नाही मेली तं?"

"आज नाही मेली तं उद्या. टिप्पर काय एकच हाय?"

झालं. मंगळवारी दुपारी शालिग्राम घरात आला, आतून कडी लावली, आणि म्हणाला, "आता या कडीले कोणी हात लावाचा नाही."

"मंग आमी जावाचं कुठून?" चतुराबाईनं विचारलं.

"स्वयपाकघराच्या खिडकीतून."

त्या खिडकीला गज बसवायचे चार वर्षांपासून राहिले होते. खिडकीखाली भिवाजीचा कुत्रा बांधलेला असायचा, म्हणून पिठी तिकडं फिरकायची नाही. आत स्टूल, बाहेर सिमेंटच्या दोन विटा. शालिग्राम गेला, हरीओम गेला, पुन्हा आत आले. दोघांना मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. नशीब, संडास घरातच होता.

मांजर डालग्याखाली झाकून दार उघडायचं, ही साधी गोष्ट कोणाला सुचली नाही असं समजू नका. चतुराबाईलाच सुचली. डालगं टाकलं, तर पिठीनं आत असा आकांत मांडला की अर्धी गल्ली खिडकीशी आली. शालिग्रामनं महाराजांना फोन लावला. महाराज म्हणाले, कोंडून गुदमरली तर पाप दुप्पट. डालगं उचललं.

मग चतुराबाईची पाळी आली. तिचे गुडघे गेलेले, अंगानं भरलेली. बुधवारी सकाळी ती स्टुलावर चढली, डोकं बाहेर घातलं, खांदे घातले, आणि कमरेशी अडकली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. आतून शालिग्राम ओढतोय, बाहेरून हरीओम ओढतोय, दोघांचा मेळ नाही. कुत्रा तिचं तोंड चाटतोय. भिवाजी परसात उभा राहून म्हणतो, "वहिनी, हिक्, श्वास सोडा, हिक्, श्वास सोडा." शेवटी दोघांनी एकाच बाजूनं ओढलं आणि ती धपकन घरात पडली. पडल्या पडल्या तिला रडू आलं. लागलं म्हणून नव्हे.

तिला रविवारी जऊळक्याला जायचं होतं.

मंजुषा, तिची लेक, जऊळक्याला दिलेली. तिला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं रीतीप्रमाणं सासरी, आणि रविवारी अकरा वाजता बारसं. चतुराबाईनं सात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, टोपडं शिवलं होतं, डिंकाचे लाडू बांधून डबा भरला होता. पहिल्या नातवाच्या जावळाला ती जाऊ शकली नव्हती, कारण त्याच दिवशी तुरीची मशीन आली होती आणि अठरा माणसांचा स्वयंपाक होता. मंजुषा तेव्हा दोन महिने फोनवर बोलली नाही. या वेळी चतुराबाईनं तिला देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं, कायबी होवो, मी येतो म्हणजे येतो.

"बाहेरच्या माणसाले बलावू," हरीओम म्हणाला. म्हणजे दुसऱ्याच्या माथी मारू! गुरुवारी त्यानं तांड्यावरच्या राजपालला आणलं. राजपाल त्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा. चांगला माणूस, खिडकीतून आत आला, चहा प्यायला, सगळं ऐकून घेतलं.

"तुले दोन कोंबड्या देतो," हरीओम म्हणाला. "फक्त कडी काढ."

"काहून? मीच काहून?"

"तू भाईरचा हायस ना."

राजपालनं कपबशी खाली ठेवली. "पाप काय पत्ता इचारून लागते का? तुमच्या घरचं तुमी काढा." आणि तो आला तसा खिडकीतून गेला. चतुराबाईला त्याचं पटलं.

"मीच काढतो ना कडी," ती म्हणाली. "लागू द्या मले पाप. लागलंच तर पुढच्या जन्मी पाहू. रविवार या जन्मी हाय."

शालिग्राम घाबरला. इतका घाबरला की तिला वाटलं, नवऱ्याला आपली काळजी आहे. त्यानं महाराजांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बायकोच्या हातानं झालेलं पाप नवऱ्याले लागते," महाराजांचा आवाज घुमला. "अन् नवऱ्याचं पुण्य अर्धं बायकोले भेटते. शास्त्र हाय."

 पिठी ओरडायची थांबली.

"काय म्हणता महाराज?" चतुराबाई फोनजवळ सरकली. "सगळंच पाप?"

"सगळंच."

"लग्न झाल्यापासूनचं?"

"हो माय."

"मंग हे मले अडतीस वर्षांत कोणी सांगतलं काहून नाही?" तिचा चेहरा असा खुलला की शालिग्रामनं घाईनं फोन बंद केला. त्या घटकेपासून त्यानं आपली बाज दाराला लावली आणि दाराला पाठ टेकून बसला. जेवण तिथं, झोप तिथं. पिठी त्याच्या मांडीवर चढून कडीकडं बघत ओरडायची.

गावात बातमी पसरली. लोक खिडकीशी येऊन पिठीची चौकशी करून जायचे. मांजर जेवली का? मांजरीचं काय ठरलं? शुक्रवारी संध्याकाळी तर खिडकीबाहेर परसात बैठकच भरली. महाराज आले, उचकी देत भिवाजी आला, आणखी सात जण आले. मांजरीला गळ्यात घंटा बांधावी, म्हणजे टिप्परवाल्याला ऐकू येईल, असं एक जण म्हणाला. टिप्परच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, घंटा कुठली, असं दुसरा म्हणाला. चतुराबाई आतून चहा करकरून खिडकीतून कप देत होती. नऊ कप गेले. "वहिनी, तुमी कशा हाय?" असं त्या नऊ जणांतल्या एकानंही विचारलं नाही.

शनिवारी मंजुषाचा फोन आला.

"माय, तू निघाली का? हरीओम म्हणते तू येत नाहीस."

"अवं येतो ना."

"हरीओम म्हणते मांजर हाय म्हणून येत नाहीस."

चतुराबाईनं दाराला टेकून बसलेल्या शालिग्रामकडं पाहिलं.

"मागच्या टायमाले तुरीची मशीन होती," मंजुषा म्हणाली. "या टायमाले मांजर. पुढच्या टायमाले काय राहीन माय? राहू दे. नको येऊ." आणि फोन ठेवला.

चतुराबाई फोन हातात धरून चुलीपुढं बसून राहिली. तिला लेकीचा राग आला नाही. तिला स्वतःचा आला. खिडकीत अडकलेली स्वतःची कंबर आठवली आणि तिचं अंग रागानं तापलं.

रविवार उजाडला. हरीओम पाळणा मोटरसायकलला बांधून सकाळीच पुढं गेला होता. चतुराबाईनं अंघोळ केली, ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली, गोधडी, टोपडं आणि डबा पिशवीत भरला आणि चुलीजवळ गुपचूप बसली. चहा ठेवला नाही.

सात वाजले. साडेसात झाले. दाराशी बसलेला शालिग्राम चुळबुळ करायला लागला.

"अवं, चहा?"

"माहे गुडघे दुखून राह्यले. तुमीच ठेवा."

अडतीस वर्षांत त्या माणसानं चहा ठेवला नव्हता. तो थोडा वेळ बसला, मग तलफ पापाहून मोठी झाली आणि उठला. चतुराबाई वाट देण्यासाठी बाजूला झाली.

"साखर कुठी हाय?"

"वरच्या फळीवर. मागच्या बाजूनं."

तो स्टुलावर चढला. तेवढ्यात चतुराबाई दाराशी गेली, बाज पायानं लोटली आणि कडीला हात घातला. पाच दिवसांत कडी घट्ट बसली होती. तिनं ती अशी हिसडली की खट्कन आवाज सगळ्या घरात गेला.

"चतुराऽ!" स्वयंपाकघरातून हाक आली.

दार उघडलं. पिठीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, शेपूट उभं केलं आणि उंबरठा ओलांडून गेली. मागं चतुराबाई गेली. ती पळाली नाही, तिला पळता येतच नव्हतं. पण इतक्या झपाट्यानं ती कधी चालली नसेल. नाक्यावर जऊळक्याकडची जीप भरत होती. "बसा मावशी," म्हणत ड्रायव्हर रवीनं तिला पुढच्याच सीटवर जागा दिली. जीप भरली, निघाली, आणि नाक्यापासून शंभर पावलांवर, चतुराबाईच्याच घराच्या थोडं पुढं, करकचून थांबली.

रस्त्याच्या मधोमध पिठी बसली होती. पाय वर करून अंग चाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा ऊन अंगावर घेत होती, तिला कशाची घाई. आणि तिच्याजवळ, बनियन आणि पायजम्यात, शालिग्राम उभा. एका हातात साखरेचा डबा, दुसरा हात वर. पलीकडून टिप्पर आला होता, तोही थांबला होता. टिप्परवाला तोच, सोमवारचा. त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

रवीनं हॉर्नवर हात ठेवला, मग काढून घेतला. "दचकली अन् टिप्परखाली गेली तं? माह्या हॉर्ननं गेली म्हणतीन." जीपमधल्या एकानंही उतरून मांजर हाकलायचं धाडस केलं नाही. हाकलली आणि कुठं भलतीकडं गेली तर? सगळे बसून राहिले. नऊ वाजले. मागं एसटी येऊन थांबली. तिचा कंडक्टर उतरला, काय ते ऐकलं आणि परत जाऊन बसला.

"अवो, उचला ना तिले!" चतुराबाई ओरडली.

"माह्या हातून सुटली अन् चाकाखाली गेली तं?" शालिग्राम तिथूनच ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी भेतो वं. भिवाजीले पाह्य, सहा दिवस झाले उचकी लागून. मले भेव वाटते."

चतुराबाई जीपमधून उतरली. पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज एसटीतल्या मागच्या सीटपर्यंत गेला.

"ही मांजर ओरडली तं तुमी महाराजाकडं धावले. गाव जमलं. नऊ कप चहा झाला. घंटा बांधू का काय बांधू, समद्यायनं इचार केला. अन् मी? मी पाच दिवस घरात होती. त्याच दारापाशी होती. मले लेकीकडं जावाचं होतं. कोणाले दिसली का मी? खिडकीत अडकली तवा तरी दिसली का? मांजरीसाठी बैठक झाली, माह्यासाठी कोणं घेतली?"

 महाराज देवळाच्या पायरीवर उभे होते, त्यांनी आकाशाकडं बघितलं. शालिग्राम बायकोकडं बघत राहिला. हिरवं पातळ, हातात पिशवी, पिशवीतून वर आलेली टोपड्याची नाडी. ते टोपडं ती महिनाभर त्याच्याशेजारी बसून शिवत होती, आणि त्यानं ते आज पाहिलं.

त्यानं साखरेचा डबा काखेत धरला, खाली वाकला आणि पिठीला उचललं. पिठीनं बोचकारलं. रक्त आलं. त्यानं सोडलं नाही. छातीशी घट्ट आवळून तो रस्त्याच्या कडेला सरकला.

"जा," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "जा चतुरा. जे काय व्हईन ते माह्या नावावर. तू जा, लेक वाट पाहून राह्यली."

चतुराबाईनं पिशवी सावरली. ती वळली, जीपमध्ये चढली, आणि चढताना त्या सकाळी पहिल्यांदाच तिचे गुडघे खरोखर दुखले.

जीप निघाली. शेजारच्या सीटवर एक अनोळखी बाई बसली होती, तिनं मान वळवून मागं बघितलं. साखरेचा डबा काखेत आणि मांजर छातीशी धरून एक माणूस घराकडं चालला होता, आणि त्याच्या मागं टिप्पर, माणसाच्या चालीनं, हॉर्न न वाजवता.

"बाई," तिनं विचारलं, "ती मांजर तुमची व्हय का?"

"नाही," चतुराबाई म्हणाली. "मांजर त्यायची. मी माह्या नातीच्या बारशाले चालली."